श्रद्धा आणि लॉजिक एका घरात नांदतात का? ख्रिस्ती असलेल्यांनी सांगा, नसलेल्यांनीही सांगा

थोमाची_बहीण

सगळ्यांना सलाम. जरा मोठं लिहितेय, वेळ काढून वाचा.

मी मूळची नगरची, पणजोबांपासून घर ख्रिस्ती. संडे स्कूल, तरुण संघ, नाताळची नाटकं, पाठ केलेली वचनं, सगळं केलंय आणि मनापासून केलंय. आता पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे समोरचा म्हणतो हे चालतंय आणि मी दिवसभर विचारत बसते, कशावरून? तीन वर्षांत ही सवय अंगात मुरलीय, आता ऑफिसातून निघाले म्हणून ती सुटत नाही.

झालं असं की माझ्या मामांना बीपी आणि शुगर दोन्ही. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी त्यांना एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करतो म्हणणाऱ्या सभेला नेलं, तिथे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, मामा रडले, त्यांना खरंच हलकं वाटलं, मी तर म्हणेन की मामीनं गेल्या दोन वर्षांत त्यांना एवढं हसताना बघितलं नव्हतं. आणि घरी येऊन त्यांनी गोळ्यांच्या पट्ट्या उचलून कपाटावर टाकून दिल्या, म्हणाले आता गोळी घेतली तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. तिसऱ्या आठवड्यात पहाटे बाथरूममध्ये पडले. शुगर चारशेच्या वर, चार दिवस आयसीयू. वाचले. पट्ट्या तिथेच कपाटावर होत्या, मीच स्टूल घेऊन खाली काढल्या, वर धूळ बसली होती.

मी आमच्या बायबल स्टडीच्या ग्रुपमध्ये विचारलं की बाबांनो, हे असं का शिकवतात, आणि आपण ते कशाच्या जोरावर तपासायचं? उत्तर मिळालं की शंका सैतान पेरतो, तू उपवास कर. एवढंच. कुणी मामा कसे आहेत हेही विचारलं नाही.

दुसरीकडे ऑफिसातला एक मित्र, चांगला माणूस आहे, जेवताना म्हणाला, तू एवढी लॉजिकल आहेस मग कुमारीच्या पोटी जन्म, मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे तू खरंच मानतेस की घरच्यांसाठी मानतेस? मला उत्तर देता आलं नाही. चिडून नाही, खरंच आलं नाही.

तर माझा प्रश्न एवढाच आहे. ख्रिस्ती श्रद्धा आणि तर्क, मोकळं मन, हे दोन्ही एका माणसात प्रामाणिकपणे राहू शकतात का? की आपण रविवारी एक डोकं घालतो आणि सोमवारी दुसरं? कृपा करून "देवाची करणी अगाध आहे" एवढंच लिहू नका, ते मला पाठ आहे.

वचन_पुरेसं

ताई, राग मानू नका. पण येशूचा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्ट सांगतो की जगाचं ज्ञान देवाच्या दृष्टीनं मूर्खपण आहे. मोजमापं लावून देव सापडत असता तर फक्त शिकलेल्यांनाच सापडला असता, माझी आई दोन यत्ता शिकलीय आणि तिचा विश्वास माझ्यापेक्षा दहापट आहे. विश्वास म्हणजे विश्वास, त्यात हिशोब आला की तो संपला. मामांसाठी प्रार्थना करतो.

मिरजेची_सिस्टर

ताई, मी नर्स आहे, वॉर्डात एकवीस वर्षं झाली, त्यामुळे मी आधी मामांबद्दलच बोलणार, तत्त्वज्ञान नंतर. गोळ्या चालू आहेत ना? तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी शुगरची टेस्ट असते ती करून घ्या, आणि मामी पायांना रोज बघतात का विचारा, बोटांच्या मध्ये, तळव्याला, कारण शुगर एवढी चढलेल्या माणसाला जखम झालेली बरेचदा कळत नाही.

आता दुसरं. मी रोज ड्यूटीवर जाताना प्रार्थना करते, आणि पेशंटला इंजेक्शन देताना त्याचा डोस दोनदा तपासते. मला या दोन्हीत कधी भांडण दिसलं नाही. आमच्या मिरजेत डॉ. वॉनलेसनी १८९४ साली हॉस्पिटल उघडलं, मिशनरी माणूस, पण हातात सर्जनची सुरी. मिरजेला आज कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात त्याची सुरुवात तिथे आहे. प्रार्थनेनंच भागत असतं तर त्यांना एवढ्या लांब येऊन ऑपरेशन थिएटर बांधायची गरज काय होती?

आणि शास्त्रातलंच हवं असेल तर घ्या. येशू स्वतः म्हणाला की निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाइतांना असते. पौल त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की तुझं पोट वारंवार बिघडतं तर थोडा द्राक्षारस घेत जा, तो काळच तसा होता, औषध म्हणून तेच होतं. हा तोच पौल ज्याच्या हातून लोक बरे झाल्याचं आपण वाचतो. त्यानं तीमथ्याला असं नाही लिहिलं की तुझा विश्वास कमी पडतोय.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू, शंका सैतान पेरतो हे त्यांनी तुम्हाला सांगितलं ते. मत्तयाचा चौथा अध्याय उघडा. सैतान येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि म्हणतो खाली उडी टाक, देवाचे दूत तुला झेलतील, असं लिहिलंय. म्हणजे वचन दाखवून उडी मार म्हणणारा तिथे सैतान आहे, आणि देवाची परीक्षा पाहू नकोस म्हणून जागेवर थांबणारा येशू आहे. गोळ्या कपाटावर टाकणं ही उडीच होती ताई. मामांना हे वाचून दाखवा, पण प्रेमानं, ते आधीच लाजलेले असतील.

@वचन_पुरेसं दादा, तुमच्या आईंचा विश्वास मोठा आहे हे मी मानते, माझी आईही तशीच होती. पण त्या तांदूळ निवडून घेतात ना? पारख करणं म्हणजे अविश्वास नव्हे. "सर्व गोष्टींची पारख करा, चांगलं ते बळकट धरा" हे पण पौलाचंच आहे.

निर्मळचा_मास्तर

वसईचा कॅथलिक, ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. हा प्रश्न दर वर्षी एखादा तरी पोरगा वर्ग सुटल्यावर थांबून विचारतो, बहुतेक वेळा बिग बँग शिकवल्याच्या दिवशी. सर, तुम्ही रविवारी मिस्साला जाता ना, मग हे कसं शिकवता?

तेव्हा मी त्याला सांगतो की बिग बँगची कल्पना मांडणारा माणूस धर्मगुरू होता. जॉर्ज लेमैत्र, बेल्जियमचा, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, १९२३ मध्ये गुरुदीक्षा घेतली, १९२७ मध्ये विश्व पसरतंय असं गणितानं मांडलं आणि १९३१ मध्ये सगळी सुरुवात एका आदिअणूतून झाली असावी असं म्हणाला. आईनस्टाईननं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुमचं गणित बरोबर आहे पण फिजिक्स भयंकर आहे असं सांगितल्याचं नमूद आहे. गंमत बघा, तेव्हा काही शास्त्रज्ञांनाच संशय यायचा की हा पाद्री मागच्या दारानं उत्पत्तीची गोष्ट आत आणतोय.

पण मला लेमैत्र आवडतो तो पुढच्या गोष्टीसाठी. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात असं सुचवलं की विज्ञानानं आता निर्मितीला दुजोरा दिलाय. आपल्यासारख्यांना वाटेल लेमैत्र खूश झाला असेल, त्याचाच सिद्धांत आणि खुद्द पोप कौतुक करताहेत. तो अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं होतं की माझा सिद्धांत धर्माच्या बाजूनंही नाही आणि विरोधातही नाही, उद्या निरीक्षणं वेगळी आली तर तो मोडू शकतो, त्याला देवाचा पुरावा करू नका. त्यानं आणि व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या संचालकांनी ते पोपना पटवलं आणि पोपनी तो मुद्दा पुन्हा तसा मांडला नाही. आपल्या बाजूचा वाटणारा पुरावा कच्चा आहे हे आपल्याच माणसांना सांगायला काय लागतं ते विचार करा. मोकळं मन मी त्याला म्हणतो, समोरच्याची चूक काढायला फार मोकळं मन लागत नाही.

आणि ही आजकालची पळवाट नाही. संत ऑगस्टीननं सोळाशे वर्षांपूर्वी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना बजावलंय की आकाश, तारे, प्राणी यांबद्दल जी गोष्ट अनुभवानं आणि तर्कानं कळते तिच्याविषयी ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देऊन भलतंसलतं बोलला तर ऐकणारा हसेल, आणि मग पुनरुत्थानाबद्दल त्याचं का ऐकेल?

आता लपवायचं नाही म्हणून दुसरी बाजूही लिहितो. १६३३ मध्ये गॅलिलिओला आमच्याच चर्चनं गुडघ्यावर बसवलं आणि चूक झाली हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी मोकळेपणी म्हणेपर्यंत १९९२ उजाडलं. निषिद्ध पुस्तकांची यादी १९६६ पर्यंत होती. आपल्या शेजारी गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, आलं ते मध्ये थोडा खंड पडून १८१२ पर्यंत टिकलं. त्याच गोव्यात १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स उतरले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली, छापून आली १६१६ मध्ये. एकच चर्च, एकच बंदर, एकीकडे भाषेवर प्रेम करणारा माणूस आणि दुसरीकडे माणसांना कोठडीत टाकणारे लोक. त्यामुळे ख्रिस्ती श्रद्धा मोकळी आहे की बंदिस्त असं सरसकट कुणी विचारलं तर मला उत्तर देता येत नाही, माझ्याकडे दोन्हीचे दाखले आहेत आणि दोन्ही माझ्याच घरातले आहेत.

दोन_अधिक_दोन

मी कुठल्याच धर्माचा नाही, घर वारकरी, कॉलेजपासून अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, कामात आहे. ताईंनी नसलेल्यांनाही विचारलंय म्हणून लिहितो, दुखवायचा हेतू नाही. मामा वाचले याचा आनंद आहे. अशा केसेस आम्ही सगळ्या धर्मांत बघतो, माणूस बुवाकडे गेला की बाबाकडे की सभेला, घरातल्या बाईच्या चेहऱ्यावरची भीती सारखीच असते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कुठल्या एका धर्मासाठी नाही, तो सगळ्यांना लागू आहे, हे माहीत असू द्या.

मास्तर, लेमैत्रचं उदाहरण मला आवडलं पण मला त्यातून उलटंच दिसतं. लेमैत्र चांगला शास्त्रज्ञ होता कारण समीकरणं मांडताना त्यानं श्रद्धा बाहेर ठेवली. यातून एवढंच सिद्ध होतं की एका माणसाच्या डोक्यात दोन खोल्या असू शकतात. ताईंचा प्रश्न वेगळा आहे, त्या विचारतात दोन खोल्यांमधलं दार उघडलं तर काय होतं?

२०१२ मध्ये मुंबईत दार उघडून बघितलं गेलं. विलेपार्ल्याच्या एका चर्चजवळच्या क्रूसातून, येशूच्या पायाशी, पाणी ठिबकायला लागलं, लोक तीर्थ म्हणून बाटल्यांत भरून नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू जाऊन बघून आले आणि त्यांनी सांगितलं की तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणानं, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप ओढलं जाऊन, भिंतीतून वर चढतंय, मास्तर, तुम्ही अकरावी-बारावीला शिकवता तेच. म्हणजे लोक गटाराचं पाणी पीत होते आणि एकानं ते सांगितलं. त्याच्यावर भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, धार्मिक भावना दुखावण्याचं कलम २९५अ लागलं, आणि तो माणूस देश सोडून फिनलंडला गेला. मी त्या भाविकांना दोष देत नाही, गर्दीत मीही कदाचित बाटली भरली असती. पण नंतर खरं कळल्यावर "बरं झालं सांगितलंत" म्हणणारे किती निघाले?

आता मूळ मुद्दा. ताई, तुमच्या धर्मात एक गोष्ट मला खरंच आदर वाटावी अशी आहे. करिंथच्याच पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. सगळं एका घटनेवर लावलंय त्यानं, ती घटना घडली नसेल तर दुकान बंद करा असं स्वतःच सांगतोय. धर्मग्रंथात एवढं उघड विधान मी कमी वाचलंय.

पण मग तपासणी एकाच मापानं व्हायला हवी. माझी आजी मानायची की तुकोबा सदेह वैकुंठाला गेले. तिच्याकडेही साक्षी आहेत, अभंग आहेत, पौलाच्या मानानं काळ तर अगदी अलीकडचा, साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं. तुम्ही ख्रिस्ती लोक ते मानत नाही, म्हणता ही भक्तांची श्रद्धा आहे. मग यरुशलेमच्या रिकाम्या कबरीला वेगळं माप का? जन्मानं मिळालेली गोष्ट आपल्याला नेहमी जास्त पुराव्याची वाटते, मलाही वाटायची. ताई, मी तुम्हाला सोडा असं म्हणत नाही. मी एवढंच विचारतो की अशी कुठली गोष्ट समोर आली तर तुम्ही म्हणाल की मी चुकले होते? त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर तुम्ही माझ्या दृष्टीनं पूर्ण लॉजिकल आहात, श्रद्धा ठेवा की ठेवू नका.

निवृत्त_बाई

बाळ, मी दौंडकडची, शाळेत मराठी शिकवलं, आता सत्तरी ओलांडली. वरचं सगळं चष्मा पुसून दोनदा वाचलं. दोन अधिक दोन यांनी विचारलं ते विचारायलाच हवं होतं, त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण तू विचारतेस की हे दोन्ही एका माणसात राहतं का, तर मी तुला एक बाई दाखवते, आपल्याच भाषेतली.

पंडिता रमाबाई. केडगावचं मुक्ती मिशन तुला माहीत असेल, पण बाप्तिस्म्याच्या आसपासची रमाबाई आपल्या मंडळ्यांमध्ये फार सांगत नाहीत. संस्कृत एवढं की १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला सिस्टर लोकांच्या मठात राहायला होती, पदरी लहान मनोरमा, हातात पैसा नाही, देश हजारो मैल लांब. तिथे तिनं बाप्तिस्मा घेतला. अशा वेळी माणूस काय करतो, ज्यांचं अन्न खातो त्यांच्या हो ला हो म्हणतो. हिनं काय केलं? ज्यांनी तिला आसरा दिला त्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद घातला. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मला शास्त्रातून पटत नाही, म्हणाली, येशू माझा तारणारा आहे हे पटतं, पण केवळ चर्च सांगतं म्हणून मी एखादी गोष्ट मानणार नाही, मी एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय ते दुसऱ्याचं घालून घ्यायला नव्हे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती तर म्हणाली लॅटिनच का, आमच्या संस्कृतात काय कमी आहे? अंडं घातलेलं पुडिंगही खाल्लं नाही, ख्रिस्ती झाले म्हणजे इंग्रज झाले नाही. सिस्टर बायांना हा अहंकार वाटला. मी ती पत्रं पहिल्यांदा वाचली तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि मला रडू आलं, कारण मला लहानपणापासून सांगितलं होतं की प्रश्न विचारणारी मुलगी चांगली ख्रिस्ती नसते.

तिच्याआधीही एक होते, नीलकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले. मिशनऱ्यांना वादात हरवायला म्हणून ख्रिस्ती शास्त्र वाचायला घेतलं, हिंदू धर्माच्या बाजूनं संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि वाद घालता घालता १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या गोरे झाले. तर्कानं आत आलेला माणूस. आणि शंकांनी त्यांना मरेपर्यंत सोडलं नाही, स्वतःच लिहून ठेवलंय त्यांनी. तरी राहिले. याला काय म्हणायचं ते तू ठरव, मी त्याला ढोंग म्हणू शकत नाही.

आता रमाबाईंचं पुढचंही सांगते, नाहीतर मी तिला माझ्या सोयीची करून सांगितल्यासारखं होईल. ती काही शेवटपर्यंत नुसती वाद घालत राहिली नाही. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी तिला असा अनुभव आला की ती म्हणाली मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. १९०५ मध्ये मुक्तीत मोठं संजीवन, म्हणजे धार्मिक जागृतीची लाट, झालं, मुली तासन्‌तास रडत प्रार्थना करत होत्या, आणि ही बुद्धिमान बाई त्यात मनापासून होती. मास्तर किंवा दोन अधिक दोन यांना ते कदाचित खटकेल. पण मग तिनं काय केलं बघ. हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर स्वतः करायला बसली, कारण आधीचं मराठी पंडिती आहे, साध्या बाईला कळत नाही असं तिचं म्हणणं. वर्षानुवर्षं ते चाललं. छपाईचे खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बाया, छापखाना त्यांचाच, ज्यांना आधी अक्षर येत नव्हतं त्या. मनोरमा १९२१ मध्ये गेली, एकुलती एक. ही प्रुफं तपासत राहिली. ५ एप्रिल १९२२ ला गेली. एका शब्दाचं मूळ काय हे म्हातारपणी कोशात शोधणारी बाई आणि गुडघ्यावर रात्र काढणारी बाई एकच होती.

तुकोबांचं वैकुंठगमन काढलंत म्हणून आमच्या टिळकांबद्दल लिहिते. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि शेवटी, १९१७ मध्ये, देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही येऊ शकत. त्या काळच्या मंडळीला ते झेपलं नाही. म्हणजे तुकोबांना टाकून ख्रिस्ताला धरावं लागतं असं त्यांना वाटलं नाही. रिकाम्या कबरीचं माप वेगळं का याला हे उत्तर नाही, मला कळतं. पण तुम्ही विचारलेलं मोकळं मन यात आहे.

आणि बाळ, यशयाचा पहिला अध्याय, अठरावं वचन आपल्या मराठी शास्त्रात काढून बघ. परमेश्वर म्हणतो, चला, या, आपण बुद्धिवाद करू. बुद्धिवाद हाच शब्द आहे, अंनिसवाले वापरतात तोच. मूळ हिब्रूत तो शब्द जरा कोर्टातल्या दावा-प्रतिदाव्याकडे झुकणारा आहे असं माझे एक जाणकार पाळक सांगत, तर्कशास्त्राचा वर्ग असा नव्हे. तरीसुद्धा देव तिथे माणसाला गप्प बस म्हणत नाहीये, ये आणि बोल म्हणतोय.

निर्मळचा_मास्तर

@दोन_अधिक_दोन केशाकर्षणाचं मान्य, मी वर्गात ते उदाहरण सांगतो, आणि त्यांच्यावर केस व्हायला नको होती हेही सांगतो. चर्चकडे तपासायची रीत नाही असं मात्र नाही. फ्रान्समधल्या लूर्द्स या तीर्थक्षेत्री १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे, बरं झालो म्हणून सात हजारांवर दावे तिथे नोंदले गेलेत आणि चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या आसपास, बाकीच्यांना शिक्का नाही दिला. त्या सत्तरांबद्दल तुमचं माझं जमणार नाही, ठीक आहे. पण चंगाई सभेत एका संध्याकाळी माईकवरून चाळीस जण बरे झाले म्हणून जाहीर करणं आणि हे, यात फरक आहे की नाही?

दोन_अधिक_दोन

फरक आहे. मान्य करतो. सत्तरांवर पुन्हा कधीतरी बोलू. आणि बाई, तुम्ही "हे उत्तर नाही" असं दोनदा लिहिलंत, मला इतक्या वर्षांत समोरून असं कमी वेळा ऐकायला मिळालंय.

थोमाची_बहीण

सगळ्यांचं वाचलं, काही तीन-तीनदा. चार दिवस लिहिलं नाही कारण मध्ये नगरला जाऊन आले.

सिस्टर, मामांना मत्तय चार वाचून दाखवलं. मी वाचत होते तर मध्येच म्हणाले थांब, आणि माझ्या हातातून शास्त्र घेतलं, चष्मा लावला आणि स्वतः वाचलं, उडी टाक पर्यंत आले आणि परत वरून वाचलं. काही बोलले नाहीत. संध्याकाळी मामी म्हणाली की नाश्त्यानंतरची गोळी रोज तिला हातात द्यायला लागायची, आज त्यांनी डबा स्वतः मागितला. टेस्ट सोमवारी आहे. पाय मी स्वतः बघितले, उजव्या टाचेला भेग आहे, डॉक्टरांना दाखवतोय.

@दोन_अधिक_दोन तुमच्या प्रश्नावर मी बसमध्ये पूर्ण रस्ता विचार केला, नगर ते पुणे. कशामुळे मी म्हणेन की मी चुकले? मला एकदम येशूची हाडं सापडली तर असं लिहायचं होतं पण ते सोपं उत्तर आहे, ती कोण ओळखणार. खरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही आणि सापडेपर्यंत मी सापडलंय असं म्हणणार नाही. एक मात्र मला कळलं, मी पुनरुत्थान मानते ते पुराव्यांची बेरीज करून मानत नाही, मी आधी त्या माणसावर विश्वास ठेवते, दुखणाइतांबद्दल बोलणाऱ्या, उडी न मारणाऱ्या, आणि मग त्याच्याबद्दल सांगितलेलं हे मोठं विधान जवळ धरते. हा क्रम तुम्हाला उलटा वाटेल. मलाही टेस्टर म्हणून उलटाच वाटतो. पण तो असा आहे हे आता मी ऑफिसातल्या मित्राला सांगू शकते, आधी तेही सांगता येत नव्हतं. तुकोबांचं माप डोक्यात राहिलंय, ते जाणार नाही.

@वचन_पुरेसं दादा, तुमच्या आईंना सलाम सांगा. ग्रुपमध्ये मी परत गेले नाही पण चर्च सोडलेलं नाही, या रविवारी उपासनेनंतर पाळक साहेबांना भेटायची वेळ घेतलीय, चंगाईबद्दल मंडळीत एकदा उघड बोला आणि बोलायला एखाद्या डॉक्टरांना बोलवा असं सांगणार आहे. सिस्टर, तुम्ही नगरला येऊ शकाल का? गाडीभाडं तरुण संघातून काढू.

आणि बाई, रमाबाईंची ती पत्रं मराठीत कुठे मिळतील? इंग्रजीतली असली तरी चालतील. आधी ते क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांचं पत्र वाचायचंय.